मदत हवी आहे: मुलं बारकाईनं बघतात, पण ते कवितेत उतरत नाही

आठ ते अकरा वयाच्या मुलांना झाडांखाली, पाण्याकाठी नेऊन कविता लिहायला शिकवते आहे. त्यांची नजर फार तल्लख आहे. एकानं खोडाला हात लावून सांगितलं, "ही बाजू गार आहे, ती कोमट." समोरासमोर आलेल्या मुंग्या थांबून एकमेकींना मिशा लावतात, हेही त्यांनीच मला दाखवलं. पण कागद हातात आला की 'निसर्ग किती सुंदर, फुले किती छान' सुरू होतं. यमक जुळवायला 'वारा'मागे 'तारा' येतो, मग कविता भर दुपारची का असेना.

सध्या आधी थोडा वेळ न बोलता बसतो. मग ऐकलेलं, हुंगलेलं, हाताला लागलेलं सुट्या शब्दांत टिपायचं. 'सुंदर', 'छान' वापरायचे नाहीत. यमकाची सक्ती नाही. हायकू या तीन ओळींच्या जपानी कविताप्रकारातली ५-७-५ अक्षरं मोजताना मुलं समोरचं पान विसरत होती, म्हणून आता तीन ओळी आणि एकच क्षण एवढंच ठेवलंय.

अडतंय ते टिपणाकडून कवितेकडे जाताना. तिथंच लिहून घ्यावं की दुसऱ्या दिवशी? ज्यांना लिहिणं जड जातं, त्यांचं बोलणं मी उतरवून घेतलं तर चालेल ना? माझ्या मते कविता त्यांचीच राहते, फक्त ओळ कुठे तोडायची ते त्यांनी ठरवावं. आणि मुलाची ओळ न बदलता त्याला पुन्हा विचार करायला लावेल असा कोणता प्रश्न तुम्ही विचारता? शिकवणाऱ्यांनी आणि पालकांनी आपले अनुभव जरूर सांगा.