स्पॅनिशमधलं 'माकिना': उच्चार, लिंग आणि वापर

सातपूरकर:
मंडळी, आमच्या वर्कशॉपमध्ये स्पेनहून एक लेथ आणि एक मिलिंग मशीन येतंय. मॅन्युअल स्पॅनिशमध्ये आहे. पानोपानी 'माकिना' दिसतं, म्हणजे मशीन, एवढं समजलं. पण बंद मशीनला कुठे 'पारादा', कुठे 'पारादो' का लिहिलंय? जोर कुठे द्यायचा? आणि 'माकिनारिया' म्हणजे वेगळं काही का?

गंगापूररोड:
जोर पहिल्या 'मा'वर. लिहितानाही तिथल्या 'ए' अक्षरावर तिरपी रेघ हवीच. स्वराने संपणाऱ्या शब्दात जोर आपोआप शेवटून दुसऱ्या अक्षरावर जातो. तो नियम मोडतोय, म्हणून ही खूण. ती गाळलीत तर शब्द 'माकीना' होतो आणि अर्थ होतो 'तो कट रचतो'.

आता लिंग. आपलं मशीन नपुंसकलिंगी, स्पॅनिश नामांना मात्र दोनच लिंगं. माकिना स्त्रीलिंगी: ला माकिना, अनेकवचनी लास माकिनास. म्हणून 'ला माकिना एस्ता पारादा', मशीन बंद आहे. लेथ म्हणजे तोर्नो, तो पुल्लिंगी: 'एल तोर्नो एस्ता पारादो'. मिलिंग मशीन फ्रेसादोरा, पुन्हा स्त्रीलिंगी. त्याच लेथला पुढच्या ओळीत 'माकिना' म्हटलं की 'पारादा' येणार. लिंग वस्तूचं नसतं, वापरलेल्या शब्दाचं असतं.

मेंटेनन्सच्या पानावर हे फार कामाला येतं. समजा लिहिलंय: 'पारे ला माकिना इ देस्मोंते एल फिल्त्रो. लिंपिएलो कोन आइरे.' मशीन थांबवा, फिल्टर काढा, हवेने साफ करा. साफ काय करायचं? शेवटी 'लो' आहे, म्हणजे पुल्लिंगी फिल्टरच. मशीन साफ करायचं असतं तर 'लिंपिएला' आलं असतं. सर्व्हिसवाल्याने ती दोन अक्षरं आधी बघावीत, मग एअर गन हातात घ्यावी.

अंबडचा_फिटर:
'माकिनारिया' म्हणजे एकूण यंत्रसामग्री, एकवचनीच वापरा. दोन मशीनं सांगायची तर 'दोस माकिनास'. शेतीची अवजारं, ट्रॅक्टर वगैरे मिळून 'माकिनारिया आग्रीकोला'. दिंडोरीकडे द्राक्षबागांना कोणी स्पॅनिश फवारणी यंत्रं मागवत असेल तर कॅटलॉगमध्ये हाच शब्द शोधा.

आणखी एक, ड्रॉइंग वाचणाऱ्यांसाठी. मशीनिंगला स्पेनमध्ये 'मेकानिसादो' म्हणतात, मेक्सिकोत बहुतेक 'माकिनादो'. काम एकच. वर कट रचण्याचं क्रियापद आलं ना, माकिनार, त्याचाच हा दुसरा अर्थ. पुरवठादार मेक्सिकोचा असेल तर दचकू नका.

पंचवटी_भाषा:
घरगुती वापर थोडक्यात. शिलाई मशीन 'माकिना दे कोसेर'. धुलाईचं मशीन मात्र स्पेनमध्ये 'लावादोरा', तिथे माकिना लागत नाही. 'आ माकिना' म्हणजे मशीनवर: 'कोसेर आ माकिना', मशीनवर शिवणं. 'आ तोदा माकिना' म्हणजे पूर्ण वेगाने.

सातपूरकर:
छान उलगडा झाला! मग लेथच्या लाल बटणावर 'पारादा दे एमेर्हेन्सिया' का? तिथे 'पारादो' नको?

गंगापूररोड:
नको. तिथे पारादा विशेषण नाही, 'थांबवणं' या अर्थाचं नाम आहे, म्हणून कुठल्याही मशीनवर तसंच राहतं. बसथांब्यालाही पारादाच म्हणतात. बटणाचं मराठी लेबल करताना 'तातडीने थांबवा' लिहा. 'बंद आहे' लिहिलंत तर नवखा ऑपरेटर मशीन बंद समजून चकात, म्हणजे जॉब पकडून फिरणाऱ्या भागात, हात घालेल.