इंग्रजीत पहिल्याच उल्लेखाला 'द' (the) कसा काय? (मदत हवी आहे)

लेक आठवीत, सेमी-इंग्रजीला. मी मराठी माध्यमाची. आमच्याकडून बाईंनी घोकून घेतलं होतं: नाम पहिल्यांदा आलं की 'अ', पुन्हा आलं की 'द'. एक राजा होता, मग तो राजा. त्यावर माझी दहावी निघाली. तेच लेकीला शिकवलं आणि तोंडघशी पडले.

गाळलेल्या जागा होत्या. 'वी बॉट अ सेकंड-हँड स्कूटर, बट द ब्रेक्स वेअर लूज.' ब्रेकचं नाव आधी कुठेच नाही, म्हणून मी जागा कोरी ठेवायला लावली. पुढे 'द मॅन हू सोल्ड इट'. तिथे 'अ' सांगितला. दोन्हीवर लाल फुली. 'द सन' समजतं, सूर्य एकच. पण 'आय ॲम गोइंग टू द बँक'? बँका तर गल्लोगल्ली आहेत!

प्रतिसाद १
ताई, 'द' म्हणजे 'आधी सांगितलंय' नव्हे, 'कुठला ते तुला कळेल' असा इशारा. स्कूटर म्हटली की ब्रेक आलेच. 'एका लग्नाला गेलो, नवरी रुसून बसलेली' यावर 'कुठली नवरी?' असं कोणी विचारतं का? पाहुणा मात्र शेकडोंतला एक, म्हणून 'अ गेस्ट'. त्या माणसाची ओळख मागून येते: ती स्कूटर विकणारा. पण 'हू' दिसलं की डोळे मिटून 'द' लावू नका. 'अ मॅन हू सेल्स स्कूटर्स' बरोबरच आहे, विकणारे ढीगभर.

प्रतिसाद २
आपल्याकडे 'द' नाही, पण त्याचं काम होतं. 'दारात कुत्रा आहे' म्हणजे कुठलातरी. 'कुत्रा दारात आहे' म्हणजे आपलाच. 'मुलगी बघायला गेलो' आणि 'मुलीला बघायला गेलो' यांत तर फक्त 'ला'चा फरक! बँकेचं म्हणाल तर 'बँकेत जाऊन येते' म्हणताना शाखा कोण सांगतं? पोस्ट, डॉक्टर यांनाही तसाच 'द' लागतो. शाळेची गंमत वेगळी: शिकायला जाणारी लेक 'टू स्कूल', पालकसभेला जाणारी तुम्ही 'टू द स्कूल'.

धागाकर्ती
कुत्र्याचं वाक्य लेकीला एका दमात पटलं. आता विचारतेय, आजारी माणूस ब्रिटनमध्ये 'इन हॉस्पिटल' आणि अमेरिकेत 'इन द हॉस्पिटल' का? कुणी जागं आहे का?