ॲमल मोनोब्लॉक रिबिल्ड करावा की काढून टाकावा? (बुलेट ३५०, १९६८)

सातारकर६८

नमस्कार मंडळी. वडिलांची १९६८ ची बुलेट आहे. ते गेल्यावर चार वर्षं ताडपत्रीखाली होती, दिवाळीत बाहेर काढली. मूळचा ॲमल मोनोब्लॉक कार्बोरेटर अजून तिच्यावरच आहे.

तिसऱ्या-चौथ्या किकला सुरू होते, पण स्लो लागत नाही. एक्सिलेटर सोडला तरी रेस हळूहळू उतरते, कधी वरच अडकून बसते. मधल्या रेसला काळा धूर येतो, प्लग काळा होतो. दोन मेकॅनिक झाले. दोघांनी खोलून पेट्रोलने धुतला, एकाने किट टाकलं. आठवडाभर बरी चालली, मग पहिले पाढे पंचावन्न. आता म्हणतात, कार्बोरेटर गेला, मिककार्ब (दुसऱ्या कंपनीचा कार्बोरेटर) बसवा.

बाबा रविवारी सकाळी जुना पेपर अंथरून हाच कार्बोरेटर खोलून बसायचे. फेकायला हात होत नाही. खरंच गेलाय का?

नाशिक_बुलेट

दादा, मी माझ्या गाडीला मिककार्ब बसवला, सहा वर्षं त्रास नाही. रोज चालवायची असेल तर तेच करा. जुना पेटीत जपून ठेवा.

उद्यमनगर_कार्ब

सातारकर, तुमचा कार्बोरेटर आतापर्यंत दोनदा धुतला गेलाय. मोजला कुणीच नाही.

मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात काम करतो. आधी बारा वर्षं लेथवर टर्नर होतो, गेली चौदा वर्षं फक्त जुने कार्बोरेटर करतो. टेबलावर आलेला कार्बोरेटर मी लगेच धुवायला घेत नाही. आधी मापं घेतो, वहीत लिहितो, मग हात लावतो. घाण निघाली की दोष दिसेल असं वाटतं, पण यातली बरीचशी झीज डोळ्यांना दिसतच नाही.

तुमची रेस वर अडकते, तिथून सुरू करू. मोनोब्लॉकची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, मूळची स्लाईडही (एक्सिलेटरने आत वरखाली होणारा दट्ट्या) त्याचीच. एकाच जातीचे दोन मऊ धातू पन्नास वर्षं एकमेकांवर घासले की दोन्ही झिजतात. त्यात इंजिनाची ओढ स्लाईडला सतत एकाच बाजूला खेचते, म्हणून बोअर, म्हणजे स्लाईड ज्यात फिरते ती नळी, गोल न राहता लांबट होतो. मी आडवं आणि उभं, दोन्ही माप घेतो. बरा असेल तर स्लाईड आणि बॉडीत तीन-चार थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट मिळते. गेल्या महिन्यात सांगलीहून आलेल्या एकात अकरा थाऊ होती. एवढ्या फटीतून हवा आत येते, मग स्क्रू कितीही फिरवा, स्लो लागणार नाही.

दुसरी गोष्ट फ्लँज, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला आवळायचं सपाट तोंड. हवा ओढते म्हणून कुणीतरी दोन नट करकचून आवळलेले असतात. दोन्ही कान इंजिनाकडे वाकतात, मधला भाग उचलला जातो. फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि खिडकीकडे तोंड करून बघा. मध्ये उजेडाची रेघ दिसली तर हाच आजार. त्या ताणाने वरची बॉडीही आवळली जाते आणि स्लाईड अडकते. कार्बोरेटर हातात असताना स्लाईड सुळकन पडते आणि गाडीवर आवळल्यावर चिकटते, असं होत असेल तर शंकाच नको. मेकॅनिकला कानस लावू देऊ नका. मी जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून, पाणी टाकून, इंग्रजी आठच्या आकारात घासतो. वेळ लागतो, पण सपाट होतं.

काळा धूर मधल्या रेसला येतो म्हणालात. निडल जेट बघा, म्हणजे निडल (सुई) ज्यात वरखाली होते ते पेट्रोलचं जेट. त्यावर १०६ असेल, म्हणजे भोक ०.१०६ इंच. निडल त्यात सारखी थरथरत असते, भोक घासून अंडाकृती होतं. एक-दोन थाऊ वाढलं तरी अर्ध्या रेसला पेट्रोल जास्त जातं. किटमधल्या जेटवर नंबर छापलेला असला म्हणून भोक तेवढंच असेल असं धरून चालू नका. मी पिन गेज घालून बघतो, बरीच परत पाठवतो.

चार वर्षं उभी होती, तेव्हा पायलटची, म्हणजे स्लोला पेट्रोल देणारी बारीक वाटही बुजली असणार. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि ते पाणी जस्ताला खातं. आत पांढरी भुकटी धरते. स्लाईडच्या तोंडाशी दोन बारीक भोकं आहेत, तिथे कॉम्प्रेसरची हवा पुरत नाही. मी मिरजेहून आणलेली सतारीची बारीक तार वापरतो, पाव मिलिमीटरची. बोटांत धरून हलकेच फिरवायची, जोर लावायचा नाही. तार पलीकडून निघाली की मग अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी धुणारं यंत्र), तेही सौम्य साबणात. सुरुवातीला एका गिऱ्हाईकाचा कार्बोरेटर मी कडक कॉस्टिक पावडरीत अर्धा तास ठेवला. काळा पडला, वरचा थर गेला. त्याला दुसरा शोधून दिला. तेव्हापासून कॉस्टिक माझ्या टेबलावर येत नाही.

बोअर खूप गेलेला निघाला तर तो गोल करून घ्यायचा आणि त्या मापाची पितळेची स्लाईड बनवायची. स्लाईडचा कट, म्हणजे खालच्या कडेचा तिरका काप, मात्र जशाच्या तसा हवा. तुमच्या स्लाईडवर ३७६/३½ असा आकडा असेल तर कट साडेतीन सोळांश इंच. तो चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही गाडी उचलताना खोकते.

नाशिककर, मिककार्ब वाईट नाही, तुमची चालतेय याचा आनंद आहे. पण बॉडीला तडा नसेल आणि आटे शाबूत असतील तर हा कार्बोरेटर गेला असं मी म्हणणार नाही.

सातारकर६८

काका, आजच पट्टी लावून बघितलं. मध्ये उजेड दिसतोय! आणि तुम्ही म्हणालात तसंच, हातात असताना स्लाईड सुळकन पडते. पाठवू का?

उद्यमनगर_कार्ब

पाठवा. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल पूर्ण काढून, एक दिवस सावलीत वाळवून. किट टाकताना काढलेली जुनी जेटं, निडल, जे काय असेल ते पिशवीत घालून सोबत द्या. त्यावरचे नंबर मला हवेत.

सातारकर६८

पाच आठवड्यांनी लिहितोय. कार्बोरेटर आला. सोबत वहीच्या पानाची झेरॉक्स होती: बोअर उभा नऊ थाऊ, आडवा पाच, निडल जेट दोन थाऊ मोठं, फ्लँज सात थाऊ वाकलेला. जुन्या पिशवीतली निडल बाबांच्या वेळची मूळची निघाली, काकांनी तीच परत बसवली.

दुसऱ्या किकला सुरू झाली. स्लो लागला, एक्सिलेटर सोडला की रेस लगेच खाली. यवतेश्वरचा घाट चढून आलो, प्लग विटकरी. फक्त पाव एक्सिलेटरला, गाडी उचलताना, एकदा खोकते.

उद्यमनगर_कार्ब

विटकरी प्लग म्हणजे मधलं बरोबर आहे, निडलच्या खाचेला हात लावू नका. इंजिन चांगलं गरम करून पायलटचा हवेचा स्क्रू पाव फेरा आत घ्या. आत घेतला की पेट्रोल वाढतं. तरी खोकली तर कळवा, तीनची स्लाईड माझ्याकडे करून ठेवलेली आहे, ती लावून बघू. आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवा.