बंदुकीचे बळी आणि युद्धातले बळी: बेरीज जुळत नाही, चुकतंय कुठे?

पेठकर_११
पुण्यातल्या एका वादसभेसाठी तक्ता करतोय. विधान नेहमीचंच: १९६८ पासून अमेरिकेत घरच्या घरी बंदुकीने जेवढी माणसं गेली, तेवढी त्यांच्या सगळ्या युद्धांत मिळूनही गेली नाहीत. सीडीसीच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था) 'वंडर' या मृत्यूंच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावरून २०२१ पर्यंतचे आकडे उतरवले, पण दरवेळी बेरीज वेगळी येते. युद्धांचंही तेच. कोरियाच्या युद्धासाठी कुठे ५४,२४६, कुठे ३६,५७४. शिवाय 'घरी' म्हणजे देशात की घरात? आणि भारताचा असा तक्ता करता येईल का?

नोंदवही
वंडरमध्ये सगळी वर्षं एका संचात नाहीत. १९६८ ते ७८ आयसीडी-८ (आयसीडी म्हणजे आजार आणि मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी, ८ ही तिची आवृत्ती), १९७९ ते ९८ आयसीडी-९ आणि पुढे आयसीडी-१०. (१९६८ कुठून आलं, तर ही कोष्टकंच तिथून सुरू होतात. त्याआधीही माणसं मरत होतीच.) तुमची गफलत बहुतेक शेवटच्या टप्प्यात आहे. एक संच १९९९ ते २०२०, दुसरा २०१८ पासून पुढे. दोन्ही सरसकट जोडले की २०१८, १९ आणि २० दोनदा मोजली जातात: ३९,७४०, ३९,७०७ आणि ४५,२२२. म्हणजे जवळपास सव्वा लाख फुकटचे. दुसरा संच २०२१ पासूनच घ्या.

काउंटीवार (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आकडे उतरवून बेरीज करत असाल तर उलटं होतं. दहापेक्षा कमी मृत्यू असलेला रकाना झाकलेला असतो, म्हणून बेरीज कमी भरते. थेट देशाची ओळ घ्या.

आयसीडी-१० मधले बंदुकीच्या मृत्यूंचे संकेतांक असे: अपघात डब्ल्यू ३२ ते ३४, आत्महत्या एक्स ७२ ते ७४, खून एक्स ९३ ते ९५, हेतू अनिश्चित वाय २२ ते २४, पोलीस कारवाई वाय ३५.०. २०२१ चे एकूण ४८,८३०. त्यात आत्महत्या २६,३२८, खून २०,९५८, अपघात ५४९, पोलीस ५३७, अनिश्चित ४५८. शेवटच्या तीन रकान्यांवर फार भिस्त ठेवू नका. एका मुलाच्या हातून दुसऱ्याला गोळी लागली तर काही ठिकाणी ते 'अपघात' लिहितात, काही ठिकाणी 'दुसऱ्याच्या हातून मृत्यू' म्हणून खुनात घालतात. पोलिसांच्या हातून झालेले निम्म्याहून जास्त मृत्यू तर मृत्यूदाखल्यांच्या आकडेवारीत भलत्याच रकान्यात सापडतात.

एफबीआयचे आकडे यात मिसळू नका. ते पोलिसांकडून येतात, आत्महत्या त्यात नसतात, आणि २०२१ मध्ये नोंदीची पद्धत बदलल्यावर न्यूयॉर्कसारख्या शहराचेही आकडे आले नाहीत.

'घरी'चं म्हणाल तर त्या विधानात अर्थ 'देशात' एवढाच. घरातल्या घरात हवं असेल तर जखम झाली ते ठिकाण पाहा, मृत्यूचं नव्हे. घरी गोळी लागून दवाखान्यात गेलेला माणूस 'मृत्यूचं ठिकाण' लावलंत की हातातून सुटतो.

छावणी
युद्धाची बाजू. पहिलं म्हणजे तक्त्यावर 'हताहत' लिहू नका. हत अधिक आहत, म्हणजे जखमीही आले. बंदुकीच्या बाजूला मात्र तुम्ही फक्त मेलेले मोजताय.

कोरियाचा फरक १७,६७२ चा. ते त्या काळात जगभर इतरत्र वारलेले सैनिक, युद्धक्षेत्रातले ३६,५७४. व्हिएतनामचे ४७,४३४ लढाईतले, १०,७८६ रोगराई-अपघातातले, मिळून ५८,२२०. पहिल्या महायुद्धात तर लढाईत ५३,४०२ आणि इतर कारणांनी ६३,११४. इन्फ्लुएंझानेच पुष्कळ नेले. एकदा ठरवा, लढाईतलेच की सगळे, आणि शेवटपर्यंत तेच धरा.

यादवी युद्धाला जुना आकडा सुमारे ६,२०,००० आहे, २०११ मध्ये जनगणनेवरून काढलेला अंदाज ७,५०,०००. मोठा धरला तरी सगळी युद्धं मिळून १४ लाखांच्या आसपास येतात आणि विधान टिकतं. पण आत्महत्या काढल्या की कोसळतं. समोरचा नेमकं हेच विचारणार.

भागाकार
आणि छेद, म्हणजे किती माणसांमागे किती मेले, ते कोण बघणार? दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते १,६१,१२,५६६, मेले ४,०५,३९९. लाखामागे सुमारे २,५१६. सरासरी सेवा ३३ महिन्यांची, म्हणून वर्षाला ९१५ च्या आसपास. २०२१ मध्ये बंदुकीचे लाखामागे १५ सुद्धा नाहीत. म्हणजे एकूण आकड्यात बंदूक पुढे आणि दरात युद्ध साठपट पुढे, दोन्ही खरं. तक्त्यात दोन्ही ओळी द्या, नाहीतर ती लबाडी होते.

पेठकर_११
२०१८ ते २०ची तीन वर्षं खरंच दोनदा होती. आता भारताचं?

नोंदवही
एका ठिकाणी मिळणार नाही. खून एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्हे नोंद विभाग) 'क्राइम इन इंडिया'त, अपघात आणि आत्महत्या त्यांच्याच दुसऱ्या अहवालात. गुन्ह्यात मुख्य कलमच मोजलं जातं, म्हणून एका प्रकरणात अनेक कलमं असली तर सगळ्यात गंभीर तेवढंच दिसतं. आत्महत्या पोलीस ठाण्याच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीतून येतात (आधी फौजदारी प्रक्रिया संहिता म्हणजे सीआरपीसीचं कलम १७४, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम १९४). वैद्यकीय कारण लिहिलेले दाखले देशात चारातल्या एका मृत्यूलाही नसतात, त्यामुळे वंडरसारखं काही निघत नाही.

आणि कृपा करून आर्म्स ॲक्टचे गुन्हे 'बंदुका' म्हणून लावू नका. आपल्याकडे कोयता घेऊन फिरणाराही त्याच कायद्यात, कलम ४ आणि २५ खाली येतो. पुण्याचा आकडा लावलात तर अर्धी सभा हसेल.