काळ्या मातीवरील घराला तडे आणि मागच्या भरावाच्या भिंतीला फुगवटा: पाण्याचा बंदोबस्त नेमका कसा करावा?

परभणीकर_शिक्षिका

नमस्कार. परभणी शहरालगत, पूर्वी कापसाचे शेत असलेल्या बिनशेती प्लॉटवर आम्ही 2019 मध्ये तळमजल्याचे घर बांधले. स्लॅब साधारण 1,100 चौरस फुटांचा असून पाया दगडी व पाच फूट खोल आहे. पुढे शेजारच्या प्लॉटवर बोअर घेतली गेली तेव्हा मुरूम अकरा फुटांवर लागला. म्हणजे आमचा पाया पूर्णपणे काळ्या मातीतच बसला आहे, हे आम्हाला घर झाल्यावर कळले.

2021 च्या मे महिन्यात नैर्ऋत्य कोपऱ्यातील खिडकीपासून तिरका तडा गेला. तो दर उन्हाळ्यात रुंदावतो आणि ऑगस्टपर्यंत जवळजवळ मिटतो. त्या कोपऱ्यापासून आठ फुटांवर कडुनिंब आहे. ईशान्य कोपऱ्यात मात्र उलट घडते: तेथे पावसाळ्यात फरशी उचलली जाते आणि दार चौकटीत अडकते. त्या बाजूला, भिंतीपासून पाच फुटांवर, गच्चीचे पाणी जिरवण्यासाठी केलेला शोषखड्डा आहे. याशिवाय मागे नाल्याकडे जमीन उतरत असल्याने चार फूट उंचीचा भराव करून दगडी भिंत बांधली आहे. भरावासाठी पायाच्या खोदाईत निघालेली काळी मातीच वापरली होती. भिंतीला पाणी जाण्यासाठी एकही भोक नाही आणि ती मधोमध बाहेर फुगली आहे.

एका ठेकेदाराने घराभोवती पायाच्या खोलीपर्यंत चर खणून त्यात वाळू, खडी आणि भोकांचा पाइप टाकण्यास सांगितले. दुसऱ्याने उन्हाळ्यात जमिनीला पाणी देत राहण्याचा सल्ला दिला. दोन्ही सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुरूम_आणि_खडी

ताई, मी वीस वर्षे बांधकामाची कामे घेत आहे, म्हणून पहिल्या सल्ल्याबद्दल अनुभवाने लिहितो. वाळूचा चर मी स्वतः एका घराला करून दिला होता आणि ती माझी चूक होती. काळ्या मातीतून पाणी इतके सावकाश सरकते की चर मातीतील ओल ओढून घेत नाही; उलट आजूबाजूच्या अंगणाचे पाणी वरून त्या वाळूत उतरते आणि पायाला लागून एक लांबट हौदच तयार होतो. पाइपचे तोंड खालच्या पातळीवर मोकळे सोडता येत नसेल, तर ते पाणी तेथेच थांबते. त्या घराचे तडे पुढच्याच पावसाळ्यात वाढले. शेवटी मी वाळू काढून तेथे पिवळा मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, ओलवून आणि धुम्मसाने ठोकून भरून दिला.

निवृत्त_पाटबंधारे_अभियंता

महोदया, वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. माझी नोकरी कालव्यांच्या मातीकामावर गेली, त्यामुळे या मातीशी दीर्घ परिचय आहे.

आपल्या भागातील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी गेले की आक्रसते. म्हणून मुरमाच्या किंवा वाळूच्या जमिनीत ‘पाणी काढून टाका’ हा जो नियम चालतो, तो येथे अपुरा पडतो. काळ्या मातीत ओल असणे हा दोष नव्हे. ओल बदलत राहणे हा दोष आहे. आपल्या घराखाली हा बदल दोन्ही दिशांनी चालू आहे. कडुनिंबाची मुळे नैर्ऋत्य कोपऱ्याखालील ओल शोषतात, म्हणून तो कोपरा उन्हाळ्यात खचतो. शोषखड्डा ईशान्य कोपऱ्याला पाणी पाजतो, म्हणून तो पावसाळ्यात उचलला जातो. एकच घर दोन टोकांनी उलटसुलट हलते, मग तडा तिरका जाणारच.

पाण्याचे प्रमाणही लक्षात घ्यावे. 1,100 चौरस फूट म्हणजे सुमारे 102 चौरस मीटर. एका दिवसात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर आपल्या गच्चीवरून पाच हजार लिटरांहून अधिक पाणी उतरते, आणि ते सारे आपण पायापासून पाच फुटांवर जमिनीत सोडत आहात. पाणी जिरवण्याचा हेतू उत्तम आहे, परंतु जागा चुकली आहे. सर्वप्रथम तो शोषखड्डा बंद करावा आणि गच्चीचे पाणी सांधे पक्के असलेल्या पाइपने थेट नाल्याच्या बाजूला न्यावे. न्हाणीघराच्या आणि संडासाच्या नळ्यांची गळतीही त्याच वेळी तपासावी, कारण बारमाही झिरपणारा एक सांधा पावसापेक्षा अधिक नुकसान करतो.

त्यानंतर जोत्याभोवती कोबा करावा. येथे दोन-अडीच फुटांची पट्टी करण्याची पद्धत आहे, ती या मातीला पुरत नाही. रुंदी किमान सहा फूट ठेवावी, खाली ठोकलेला मुरूम आणि जाड प्लास्टिकचा कागद असावा, आणि सहा फुटांत अडीच ते तीन इंच उतार घराबाहेरच्या दिशेने असावा. कोबा व भिंत यांच्यामधील सांधा सिमेंटने न बुजवता डांबरी मसाल्याने भरावा, म्हणजे थोडी हालचाल झाली तरी फट उघडी राहणार नाही. कोब्याच्या बाहेरच्या कडेला सिमेंटचे पक्के गटार हवे. कोब्याचे खरे काम पाऊस अडवणे एवढेच नाही. ऊन अडवून खालची ओल टिकवणे हेही त्याचेच काम आहे. मे महिन्यात माती भेगाळलेली असताना तो घालू नये, कारण नंतर ओल आली की माती त्याला उचलते. पावसाळा सरल्यावर, माती मध्यम ओलीची असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो करणे योग्य.

झाडाच्या बाबतीत सर्वसाधारण संकेत असा की पूर्ण वाढलेल्या झाडाच्या उंचीइतके तरी अंतर घरापासून असावे. आठ फुटांवरील कडुनिंब राखायचाच असेल, तर झाड व भिंत यांच्यामध्ये चार-पाच फूट खोल उभा चर घेऊन त्यात काँक्रीट भरावे आणि फांद्यांचा विस्तार दरवर्षी कमी करावा. झाड एकदम तोडणेही धोक्याचे असते, कारण मुळे ओढत असलेली ओल परत साठते आणि तो कोपरा फुगू लागतो.

जे नव्याने बांधणार आहेत त्यांनी आधी मातीची चाचणी करून घ्यावी. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली दहा ग्रॅम कोरडी माती एका मोजपात्रात पाण्यात आणि दुसऱ्यात रॉकेलमध्ये चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्हींतील फरकावरून फुगण्याचे प्रमाण कळते. मुरूम आवाक्यात असेल तर पाया तेथपर्यंत न्यावा. नसेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशात रूढ केलेले, तळाशी कंद असलेले काँक्रीटचे खुंट साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल घ्यावेत, कारण ऋतूनुसार होणारी हालचाल सहसा त्याच्या वरच्या थरात असते. कालव्यांच्या कामात काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा दाबलेला थर देण्याची पद्धत आहे, जी मुंबईच्या आयआयटीमधील प्राध्यापक कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आली. घराच्या फरशीखालीही काळी माती काढून असा थर देणे फार गुणकारी ठरते.

सोलापूरचा_शेतकरी

उन्हाळ्यात पाणी देण्याविषयी माझा अनुभव सांगतो. आम्ही दोन वर्षे घराभोवती पाणी शिंपडले. आठवड्यातून कधी दोनदा, कधी अजिबात नाही, असे होत गेले आणि दक्षिणेच्या भिंतीला पूर्वी नव्हते तेथेही तडे आले. एकसारखी ओल राखणे घरच्या माणसाच्या हातून होत नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. आमचे आजोबा म्हणत, घर पांढरीत आणि पीक काळीत. जुनी गावठाणे बहुतेक पांढरीवरच आहेत. आज गावठाणात जागा उरली नाही, म्हणून आपण काळीत घरे बांधतो, ते समजण्यासारखे आहे. पण प्लॉट विकणाऱ्याने मुरूम किती फुटांवर आहे हे खरेदीपूर्वी सांगितलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

परभणीकर_शिक्षिका

आपणा सर्वांचे आभार. शोषखड्डा या महिन्यातच बंद करते. दोन शंका उरल्या आहेत. सध्याचे तडे सिमेंटने भरून घ्यावेत का? आणि फुगलेली भिंत पाडावी की बाहेरून टेकू देऊन वाचवता येईल?

निवृत्त_पाटबंधारे_अभियंता

तडे आता सिमेंटने भरू नयेत. उन्हाळ्यात रुंद झालेली फट कडक मसाल्याने भरली, तर पावसाळ्यात तिला मिटायला जागा राहत नाही आणि शेजारी नवा तडा जातो. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून दर महिन्याच्या एक तारखेला त्यांच्यामधील अंतर वहीत नोंदवावे. कोबा झाल्यानंतर एक पूर्ण वर्ष हालचाल थांबलेली दिसली, तरच ते भरावेत.

भिंतीविषयी स्पष्ट लिहितो. चार फूट उंचीपर्यंत पाणी साठले, तर केवळ त्या पाण्याचा रेटा भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे सातशे किलो होतो. काळ्या मातीचा फुगवटा त्यात मिळवावा लागतो, आणि तो याहून कितीतरी जास्त असू शकतो. टेकूने हे थांबणार नाही. पावसाळ्यापूर्वी भिंतीमागील माती वरून खाली थराथराने उतरवून घ्यावी, भिंत नव्याने रुंद पायावर बांधावी आणि दर पाच फुटांवर तीन-चार इंच व्यासाची भोके बाहेरच्या उताराने ठेवावीत. भोकांच्या मागे मोठी खडी, मग बारीक खडी, मग वाळू असा क्रम ठेवावा, नाहीतर माती वाहून येऊन भोके बुजतात. भराव मुरमाचाच करावा आणि वरचा पृष्ठभाग फरशीने बंद करावा. तोपर्यंत मुलांना त्या भिंतीच्या खालच्या बाजूला खेळू देऊ नये.