भाकरी घातली म्हणजे कुत्र्याचा छळ होतो का?

अनगोळ रॉटवायलर (मूळ पोस्ट)
कुत्र्याला भाकरी-दूध घालणारे लोक त्याचा छळ करतात. कुत्रा मांसाहारी. पाकिटातलं चांगलं खाद्य परवडत नसेल त्यानं कुत्रं पाळूच नये. बेळगावात अजून लोकांना हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

खानापूर रोड
हे वाचून गप्प बसणं जमलं नाही. छळ हा फार मोठा शब्द आहे आणि तो चुकीच्या माणसांना लावलाय.

पहिली गोष्ट, कुत्र्याला धान्य पचत नाही हे खोटं. लांडग्यापासून वेगळं होताना कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढल्या, हे २०१३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय. नीट शिजलेली ज्वारी, तांदूळ, नाचणी त्याला पचते.

भाकरीचा दोष वेगळाच आहे. ज्वारीत प्रथिनं साधारण १० टक्के. प्रौढ कुत्र्याला कोरड्या वजनावर किमान १८ लागतात, वाढत्या पिल्लाला साडेबावीस. कॅल्शियम जवळजवळ नाहीच. शिवाय ज्वारीतलं फायटेट जस्त धरून ठेवतं, म्हणून नुसत्या भाकरीवरच्या पिल्लांच्या नाकाभोवती, ओठांवर, पंजांवर खपल्या धरतात. लोक त्याला खरूज समजून मलम चोळत बसतात.

मग कमी आहे ते घाला. २० किलोच्या, बेताचं फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला हजार कॅलरीच्या आसपास पुरतात. त्याचं माप असं:
बिनहाडाचं कोंबडीचं मांस कच्चं २५० ग्रॅम, उकडून. अंडं एक, उकडलेलं. प्रत्येकी ६५ ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या, कुस्करून मांसाच्या पाण्यात भिजवलेल्या. दुधी किंवा लाल भोपळा १०० ग्रॅम. तेल एक चमचा. काळीज आठवड्याला १०० ते १५० ग्रॅम, त्याहून जास्त नको, अ जीवनसत्त्व साठत जातं. कोंबडीऐवजी आठवड्यातून दोनदा तारली, उकडून काटा काढून. आणि अंड्याच्या टरफलाची पूड रोज सपाट अर्धा चमचा. टरफलं धुऊन, तव्यावर कडक करून मिक्सरला पिठासारखी बारीक करायची, कचकच राहता कामा नये. यातून एक ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. हाच घटक सगळे विसरतात, आणि पूड नसेल तर बाकीचं चांगलं मांस घालूनही हाडं पोकळ होतात, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य.

भाकरीचं पीठ रात्रभर आंबवून आंबील केलं तर फायटेट कमी होतं. आपल्याकडची जुनी माणसं आंबीलच घालायची.

अनगोळ रॉटवायलर
माप उत्तम आहे. पण रोज वजनकाटा घेऊन बसणार कोण? लोक ‘घरचं अन्न’ म्हणतात तेव्हा ताटात उरलेलं घालतात. रविवारच्या रश्श्यात कांदा-लसूण वाटलेला असतो. कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि शिजवून ते विष जात नाही. १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम कांद्यापासून धोका सुरू होतो. वाटीभर दाट रश्श्यात तेवढा सहज असतो. दोन-तीन दिवसांनी हिरड्या पांढऱ्या, लघवी लालसर-काळपट, आणि तोवर रविवारचं जेवण कुणाच्या डोक्यातही नसतं. पाकिटात निदान हे होत नाही.

मुधोळ लाइन
तुमी पाकीटवाल्यांनी मुधोळची कुत्री बघितलासा काय? मुधोळच्या राजानं, मालोजीराव घोरपड्यांनी, ही जात जोपासली तवा कुठलं पाकीट होतं? २००५ ला टपाल तिकीट निघालं तिच्यावर. जोंधळा, मका, ताक-दूध ह्यावरच वाढली. पाकिटावर वाढवलेलं मुधोळ फुगतंय, पळत न्हाई. कांद्याचं बरोबर हाय खरं, भाकरीला नावं ठेवू नका.

चिकोडी पशुवैद्य
मुधोळबद्दल अर्धंच सांगितलंत. रानात सोडलेलं ते कुत्रं ससे, उंदीर, घुशी धरून हाडकासकट खात होतं. भाकरी वरची भर होती. आता तेच कुत्रं साखळीला बांधून फक्त मका-दुधावर ठेवतात आणि पिल्लांना मुडदूस होतो: पुढचे पाय धनुष्यासारखे, मनगटाशी गाठी, चालताना पंजा पसरतो. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला ससा कोण आणून देणार?

आणि मुधोळची छाती खोल असते. एका वेळी पातेलंभर घालून लगेच पळवू नका, पोट फुगून पीळ पडतो. दिवसातून दोनदा विभागून घाला, आधी-नंतर निदान तासभर विश्रांती. पोट ताणलेलं, ओकारी येते पण काही पडत नाही, लाळ गळते असं दिसलं की घरगुती उपाय करत बसू नका, तासांत जीव जातो.

पाकीटवाल्यांसाठीही एक. पिल्लांच्या पाकिटात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. त्यावर दुकानदार बाटलीतलं कॅल्शियम देतो आणि लोक ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून दुप्पट पाजतात. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियम आतड्यात अडवता येत नाही, सांधे आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. लॅब, रॉटवायलर, ग्रेट डेन, सगळ्यांना हे लागू. पाकीट असेल तर बाटली बंद.

अथणी द्राक्षबाग
कांद्याचं सगळे बोलतात, बेदाण्याचं कुणी बोलत नाही. आमच्या पट्ट्यात शेडवर बेदाणा पसरलेला असतो आणि राखणीचं कुत्रं तिथंच. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत. कुणाला मूठभर पचतात, कुणाला थोड्यानं लघवी बंद होते, त्यामुळे सुरक्षित माप असं नाहीच. खाल्लं असं दिसलं की दोन तासांच्या आत डॉक्टरकडे नेऊन उलटी करवून घ्यायची, मग सलाइन. ‘काही होतंय का बघू’ म्हणून दोन दिवस थांबलात की वेळ गेली. करदंटात (डिंक-सुक्या मेव्याच्या मिठाईत) बेदाणा असेल तर तोही तुकडा नको.

शहापूर गल्ली
खाण्यावर एवढा वाद घालताय, इथं कुत्री मरतात ती गोचिडानं. पावसानं उघडीप दिली की कानात, बोटांच्या बेचक्यात गच्च. त्यावर बोला. गाईचं आयव्हर्मेक्टिन मिळतं, एक मिली टोचा, विषय संपला. गल्लीतले सगळे तेच करतात.

चिकोडी पशुवैद्य
विषय संपत नाही, कुत्रं संपतं! कृपा करून हे लिहू नका, कुणीतरी वाचून उद्या करेल.

गाईच्या त्या १ टक्का औषधात मिलीला १० मिलिग्रॅम असतं. १० किलोच्या कुत्र्याला एक मिली म्हणजे किलोला १००० मायक्रोग्रॅम. कोली जातीच्या आणि त्या रक्ताच्या मिश्र कुत्र्यांना शंभराच्या पुढेच विषबाधा होऊ शकते, कारण त्यांच्या मेंदूला औषध बाहेर काढता येत नाही. जर्मन शेफर्डांतही काहींत हा दोष असतो. बुबुळं मोठी, तोल जातो, आंधळं झाल्यासारखं भिंतीला धडकतं, मग फिट, मग कोमा. याला उतारा नाही. आणि ज्या गोचिडासाठी हे करताय त्यावर आयव्हर्मेक्टिन भरवशानं चालतही नाही.

शहापूर गल्ली
मग माणसानं करायचं काय? सरकारी पशुदवाखान्यात गेलं की गाई-म्हशींची औषधं असतात, कुत्र्याचं म्हटलं की बाहेरून आणा. बाहेरची एक गोळी घ्यायला दोन दिवसांची मजुरी जाते. उपदेश करणं सोपं आहे. गल्लीतली कुत्री त्याच औषधावर म्हातारी होऊन मरतात, तुम्ही येऊन बघा.

खानापूर रोड
म्हातारी झालेली दिसतात. पहिल्या टोचणीला गेलेली कुठून दिसणार? पण दवाखान्याबद्दलचा राग रास्त आहे, तो मान्य.

स्वस्तात होण्यासारखं आहे, फक्त मेहनत लागते. घरातलं तपकिरी गोचीड आयुष्य काढतं तुमच्या भिंतीत. मादी रक्त पिऊन फुगली की कुत्र्यावरून उतरते आणि फटीत हजारांनी अंडी घालते. आपल्याकडे जांभ्याची घरं, गिलावा नसलेला जांभा म्हणजे तिला हजार बिळं. त्यातून निघालेली गोचिडं पोटात काही नसताना तिथं कित्येक महिने तग धरतात. म्हणून कुत्रं स्वच्छ करून त्याच खोपटात बांधलं की पंधरवड्यात परत तेच.

आधी खोपट: सामान बाहेर, गोणपाट जाळून टाका, जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंतच्या फटी सिमेंट-चुन्यानं बुजवा. उरलेल्या ठिकाणी गोठ्यात मारतात ते गोचिडाचं औषध डब्यावरच्या मापानं फवारा, वाळेपर्यंत कुत्रं, कोंबडी, पोरं लांब. अंडी फुटायला दोन-तीन आठवडे, थंडीत जास्तच लागतात, म्हणून तीन आठवड्यांनी परत आणि मग पुन्हा एकदा. एकदाच फवारून ‘औषध चालत नाही’ म्हणणारे इथंच फसतात. मांजर असेल त्या घरात पर्मेथ्रिनचं काहीही नको, मांजर मरतं.

मग कुत्रं. मोजकी असतील तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, स्पिरिटच्या बाटलीत टाका. रॉकेल ओतू नका, काडीनं चटका देऊ नका, नखानं चिरडू नका.

चिकोडी पशुवैद्य
यात अमिट्राझ या गोचिडाच्या औषधाची भर घालतो. तेही स्वस्त आहे. साडेबारा टक्क्यांची बाटली असेल तर लिटरला २ मिली. आधी साध्या साबणानं आंघोळ, केस कोरडे, मग हे पाणी स्पंजनं कातडीपर्यंत मुरवायचं. धुवायचं नाही, पुसायचं नाही, वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. हातमोजे घाला, बंद मोरीत करू नका. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू, मधुमेही कुत्रं आणि मांजर यांना अजिबात नाही. कुत्रं सुस्त पडलं, अंग गार लागलं, नाडी मंद झाली तर लगेच दवाखाना. या विषबाधेला उतारा आहे, पण वेळेत यायला हवं.

अनगोळ रॉटवायलर
एवढी उस्तवार करण्यापेक्षा गोचिडावरची फ्लुरालेनरची एक गोळी, १२ आठवडे बघायला नको. मी परत तेच म्हणणार, परवडत नसेल तर पाळू नये.

शहापूर गल्ली
परत तेच! गरिबाच्या दारातलं कुत्रं रात्रभर राखण करतं. त्याला पाळायचा हक्क तुम्ही कोण ठरवणार?

चिकोडी पशुवैद्य
भांडू नका. गोळी चांगली आहे, पण ज्या कुत्र्याला फिट येतात त्याला विचारल्याशिवाय देऊ नका. आणि गोळी खाल्लेल्या कुत्र्याला गोचीड चावतं, चावल्यावर मरतं. गोचिडातून दोन रोगजंतू येतात: बबेसिया पसरायला साधारण एक-दोन दिवस लागतात म्हणून त्यातून वाचतं, एर्लिकिया मात्र काही तासांत रक्तात उतरू शकतो. गोळी चालू असली तरी रोज कान आणि बेचक्या तपासा.

शहापूर गल्ली
गोचीडतापाला डॉक्सिसायक्लिन देतात ते तरी बरोबर ना? पाच दिवसांत कुत्रं खायला लागतं.

चिकोडी पशुवैद्य
औषध बरोबर, दिवस चूक. एर्लिकियाला किलोला रोज १० मिलिग्रॅम, २८ दिवस. २० किलोच्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ १०० मिलिग्रॅम. पाचव्या दिवशी ताप उतरतो, कुत्रं खातं, लोक गोळ्या बंद करतात. जंतू अंगात दबून राहतो आणि काही महिन्यांनी नाकातून रक्त येतं, तेव्हा प्लेटलेट तळाला गेलेल्या असतात आणि हाडातला मगज संपत आलेला असतो. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, अन्ननलिकेत चिकटून जखम होते. भाकरीच्या तुकड्यात द्या, वर पाणी पाजा. दुधातून देऊ नका, टरफलाची पूडही दोन-तीन तासांच्या अंतरानं. आणि रक्त तपासल्याशिवाय सुरूच करू नका. बबेसिया असेल तर नुसत्या डॉक्सीनं बरं होत नाही, आणि त्याच्या दोन जातींना औषधं वेगळी लागतात.

मुधोळ लाइन
म्हंजे भाकरी कामाला आलीच न्हवं.

अनगोळ रॉटवायलर
गोळीपुरती आली. ठीक आहे, वर दिलेल्या मापानं कुणी खरंच करत असेल तर त्याला छळ म्हणणार नाही, तो शब्द मागे घेतो. भाकरी-दूध एवढंच घालणाऱ्यांबद्दलचं मत कायम. आणि दुधाबद्दल कुणी बोललंच नाही. मोठ्या कुत्र्याला दुधातली साखर नीट पचत नाही, रोज पातळ शी होते आणि लोक जंताचं औषध पाजत बसतात.

खानापूर रोड
दुधाचं मान्य. त्याऐवजी ताक किंवा दही, बहुतेकांना सोसतं. पण पाकीटवाल्यांनीही एक करावं. जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीगच्च असते. दुकानात २० किलोचं पोतं फोडून सुटं विकतात ते या दिवसांत घेऊ नका. त्यातली चरबी खवट होते, बुरशी धरली तर अफलाटॉक्सिन होतं आणि ते यकृत निकामी करतं. मक्याचा भरडा आणि जुनी शेंगपेंड यांनाही हेच लागू. महिन्या-सव्वा महिन्यात संपेल एवढीच पिशवी आणा, खाद्य मूळ पिशवीतच राहू द्या, ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कोंदट वास आला की टाकून द्या, कितीही महाग असलं तरी.

अनगोळ रॉटवायलर
सुटं विकणाऱ्यांवर वेगळा धागा काढा. तिथं मी तुमच्या बाजूनं आहे.