‘कॅचर’ला यष्टिरक्षक म्हणावं का?

अनुवादिका: दिवाळी अंकासाठी बेसबॉलमधल्या सर्वश्रेष्ठ कॅचरांवरचा (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्यांवरचा) लेख मराठीत आणतेय. जॉनी बेंच पहिला की जॉश गिब्सन, असा वाद आहे. मी सवयीने ‘यष्टिरक्षक’ लिहिलं. अमेरिकेतल्या भाच्याने अडवलं, “मावशी, तिथे यष्ट्या कुठे असतात?” मग काय लिहू?

मुळाक्षर: यष्टी म्हणजे काठी. प्राकृतात तिची ‘लट्ठि’ झाली, तिच्यावरून आपली लाठी. बॅटही काठीच. चालेल.

सोलापूरकर: पण तो काठी राखत नाही हो, चेंडू झेलतो! ‘कॅचर’च ठेवा. यष्टी म्हटलं की वाचकाला क्रिकेटच दिसणार.

नर्मदा: ‘झेलकरी’ का नको? आपण घावही झेलतो म्हणतो. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर 1884 मध्ये टोलेडो संघाकडून खेळला, तेव्हा आजच्यासारखे जाड ग्लव्ह नव्हते. त्या हंगामानंतर मेजर लीगचं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉलचं, दार कृष्णवर्णीयांना 1947 पर्यंत बंद.

अनुवादिका: त्याच काळाला मी ‘पृथक काळ’ म्हटलंय.

नर्मदा: पृथक नको, ताई. दोघंही आपखुशीने वेगळे राहिले असं वाटतं. दार एकाच बाजूने लावलं होतं, तेही लेखी नियमाशिवाय. ‘बहिष्काराचा काळ’ लिहा. दाराबाहेरच राहिलेला कृष्णवर्णीय गिब्सन जानेवारी 1947 मध्ये 35 व्या वर्षी वारला आणि एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीगच्या डॉजर्स संघाकडून उतरला. मला ते तीन महिने विसरवत नाहीत.

मुळाक्षर: बहिष्कार म्हणजे आत असलेल्याला वाळीत टाकणं. इथे ‘वर्णभेद’ हाच रूढ शब्द.

नर्मदा: वॉकर आत होताच की!

सोलापूरकर: आणि कॅचर रॉय कॅम्पानेला, त्याला कुठल्या काळात बसवणार? निग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये, बॉल्टिमोर एलिट जायंट्स संघात बिझ मॅकी या कॅचरच्या हाताखाली तयार झाला, 1948 पासून डॉजर्सकडे, 1951, 1953 आणि 1955 ला लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू. मेजर लीगनेही 2024 मध्ये निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले. गिब्सनची .372 ही फलंदाजीची सरासरी आता मेजर लीगच्या टाय कॉबच्या .367 च्या वर आहे. दोन काळांच्या दोन याद्या करूच नका. माझ्या यादीत गिब्सन पहिला, मग बेंच.

मुळाक्षर: बेंचकडे दहा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार, आहेत. झेलणं मोजायचं तर तोच पहिला.

अनुवादिका: उद्या मजकूर द्यायचाय. ‘बहिष्कार’ ठेवते. कॅचरचं काय करू?

मुळाक्षर: ‘बहिष्कार’ ठेवू नका.